मागची पायरी

संदर्भ विभागात शिरताना आधी तुमचं पेन काढून घेतात. दारातच एक टेबल, त्यावर बिस्किटांचा जुना डबा. पेन डब्यात टाकायचं आणि बदल्यात पेन्सिल घ्यायची, तीही इतकी बोथट की तिनं पुस्तकाला इजा होणार नाही आणि धड अक्षरही उमटणार नाही. पिशवी बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, मोठा आवाज बाहेर. "हळू बोला हं, इथे बरीच मंडळी झोपली आहेत," असं ग्रंथपालबाई प्रत्येक नव्या माणसाला सांगत. नवा माणूस दचकून आजूबाजूला बघे. कपाटांखेरीज काही दिसत नसे. मग बाई रुमालात शिंकत आणि म्हणत, "कपाटांत." धुळीनं त्यांना बारा महिने सर्दी, आणि विनोद तेवढा एकच. पण तो त्या इतक्या मन लावून करत, की समोरच्याची हसल्याशिवाय सुटका नसे.

नव्यानं येऊ लागलेली चष्मेवाली मात्र हसली नाही. तिच्या घरी डोळा न मिटणारं एक माणूस होतं आणि तिचा सगळा जीव तिकडे लागला होता.

ते माणूस म्हणजे तिची आई. वय झालेलं, हृदय थकलेलं. "आता महिन्यांच्या गोष्टी नकोत, आठवड्यांच्या बोलू," असं डॉक्टर म्हणाले होते. आईला तसं दुखत-खुपत फारसं नव्हतं. दिवसभर ती खिडकीशी पडून शेजारणीशी गप्पा हाणी, येणाऱ्या-जाणाऱ्यांची उणीदुणी काढी, चहात साखर कमी पडली म्हणून लेकीला चार शब्द सुनावी. पण उन्हं उतरली की तिचा चेहरा बदलायचा. ती उठून बसायची आणि दाराकडे बघायची.

"धाकटी आली का गं?"

"कोण धाकटी, आई?"

"मागच्या दाराला कडी नाही ना लावलीस? ती बाहेर आहे."

ही धाकटी कोण, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई एकुलती एक. तसं ती स्वतःच सांगत आलेली. "मला ना भाऊ ना बहीण, भांडायचं तर आरशाशी," असं म्हणून ती हसायची, आणि हसून झालं की विषय बदलायची. विषय बदलतेय, हे लेकीच्या इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. आपल्या आईकडे आपण नीट बघतो कुठे?

मागच्या दाराचं प्रकरण मात्र जुनं होतं. चष्मेवालीच्या लहानपणी त्यांच्या मागच्या दाराला कडीच नव्हती. वडिलांनी एकदा हौसेनं बसवली, तर आईनं दुसऱ्याच दिवशी स्क्रू काढून ती भंगारवाल्याला देऊन टाकली. पुढे एकदा चोर आत शिरला आणि भांड्यांना पाय फुटले, तरी आई हटली नाही. आईची आणखी एक तऱ्हा होती. तिनं आपल्या मुलांना कधी 'गप्प बस', 'हलू नकोस' म्हणून दटावलं नाही. त्यामुळे ती दोघं भावंडं सगळ्या आळीत वाह्यात म्हणून गाजलेली. पुढे चष्म्याच्या दुकानात कामाला लागल्यावर चष्मेवाली दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवून "हलू नका हं" म्हणायची, तेव्हा तिला वाटे, हे वाक्य मी नोकरीत शिकले, घरी नाही.

आता आई तिच्याकडे राहायला आलेली. तिच्याही घराला मागचं दार, बाहेर एक पायरी आणि पुढे हातभर अंगण. एका तिन्हीसांजेला आई कुणाच्या नकळत त्या दारानं बाहेर गेली आणि पडली. कपाळाला टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी चष्मेवालीनं सुताराला बोलावून दाराला वरच्या अंगाला कडी ठोकून घेतली, आईचा हात पोचणार नाही अशी. तेव्हापासून रोज उन्हं उतरली की आई भिंत धरत धरत दारापर्यंत जायची आणि तळहातांनी थापा मारायची. "उघड गं. उघड. ती बाहेर आहे." तळहात लाल होईपर्यंत.

डॉक्टरांनी गोळी दिली. दोन संध्याकाळी चष्मेवालीनं ती आईच्या तोंडात घातलीही. आई ओंडक्यासारखी पडून राहिली. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, आणि त्या अर्ध्या डोळ्यांचा रोख दाराकडे. तिसऱ्या दिवशी चष्मेवालीनं गोळ्यांची पट्टी ड्रॉवरच्या तळाशी ढकलली.

"दे की गोळी," भाऊ फोनवर म्हणाला. "तुला काय हौस आहे का?"

भाऊ लांब राहत असला की त्याला उपाय फार भराभर सुचतात. तिनं फोन ठेवला. आईला असा गुंगीत निरोप देणं तिला नको होतं. धाकटी कोण, हे कळलं असतं तर आईला काहीतरी सांगता आलं असतं. ती सुखरूप आहे, ती गेली, तिची मुलं-नातवंडं अमक्या ठिकाणी आहेत, जे असेल ते. पण खरं. खोटं सांगून बघितलं होतं, "आली गं आई, आत झोपलीय." आईनं तिच्याकडे असं पाहिलं होतं की तिलाच मान खाली घालावी लागली.

दिवसा विचारलं तर आई ओठ घट्ट मिटून घ्यायची. "कोण धाकटी? मला कुणी नाही." एकदाच, वेणी घालून घेता घेता तिच्या तोंडून निसटलं, "टाकीमागच्या गल्लीत होतो तेव्हा." बस्स. पुढे मूग गिळून गप्प.

टाकीमागची गल्ली म्हणून गावात काही नव्हतंच. पाण्याची जुनी टाकी होती, पण तिच्यामागे चांगला रुंद रस्ता, त्यावरून गाड्या सुसाट. दुकानात नेहमी फ्रेम वाकवून घेऊन येणारे एक काका होते. पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचे, त्यामुळे फ्रेम दर महिन्याला वाकायची. त्यांना तिनं सहज विचारलं. काका खुलले. "अहो, संदर्भ विभागात या. मी रोज तिथेच पडलेला असतो."

हे काका आपली वंशावळ शोधत होते. निघाले होते एखाद्या सेनापतीच्या शोधात. अकरा पिढ्या मागे गेल्यावर हाती लागला तो दुधात पाणी घातल्याबद्दल दंड झालेला एक पूर्वज. दुसरा कुणी असता तर त्यानं वही मिटली असती. काकांनी मात्र त्या गृहस्थाला असा काही जीव लावला की येईल त्याला ते त्याची गोष्ट सांगत. 'चष्मेवाली' हे नावही त्यांनीच तिथे सगळ्यांत रूढ केलं.

सकाळी शेजारीण आईपाशी बसायची, तेवढ्या वेळात चष्मेवाली तिथे जायची. पहिले काही दिवस काही हाती लागलं नाही. गावाच्या जुन्या माहितीपुस्तकात आजोबा सापडले, पेट्या बनवणारे कारागीर म्हणून. मतदारयादीत आजोबा-आजी दोघंही. मुलं मात्र कुठेच नाहीत.

"लहान मूल आमच्याकडे फार अवघड," ग्रंथपालबाई नाक पुसत म्हणाल्या. "त्याला मत नाही, दुकान नाही, घर नाही. शाळेत गेलं असेल तर सापडतं. त्याआधीच काही झालं, तर आलं काय न् गेलं काय."

"जन्माची नोंद?"

"त्या वर्षांचं दप्तर तळघरात होतं. तळघरात पाणी शिरलं." बाई थांबल्या. मग जरा हलक्या आवाजात म्हणाल्या, "गल्ली तरी शोधू या. घर सापडलं की माणूस सापडतं कधी कधी. नकाशा काढते."

नकाशा म्हणजे एक अवजड प्रकरण होतं, कापडावर चिकटवलेला, चादरीएवढा. बाईंनी आणि काकांनी दोन टोकं धरून तो टेबलावर पसरला. टाकीचा गोल दिसला. तिच्यामागे रुंद रस्ता, आज आहे तसाच. चष्मेवालीचा चेहरा पडला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "बोट फिरवून बघा इथे."

तिनं बोट फिरवलं. रस्त्याच्या कडेला कागदाची धार लागली. एक मोठा तुकडा वरून चिकटवला होता.

"गावात काही बदललं की पालिकेची माणसं नवा नकाशा करत नसत," बाई सांगू लागल्या. "खर्च कोण करणार? बदललेल्या जागेपुरता नवा कागद काढायचा आणि जुन्यावर चिकटवायचा. घरं पडली, लाव ठिगळ. रस्ता आला, लाव ठिगळ. संगणकावर चढवलेल्या नकाशात नुसतं वरचंच दिसतं. म्हणून मी लोकांना सांगते, इथे या. चला, काचेवर घेऊ."

कोपऱ्यात काचेचं टेबल होतं, काचेखाली दिवे. बाईंनी खिडकीचा पडदा ओढला, नकाशा काचेवर सारला आणि बटण दाबलं. खालून उजेड आला तसा तो रुंद रस्ता फिका पडला, आणि त्याच्या आतून एक गल्ली वर आली. अरुंद, वाकडी. दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं घरं, प्रत्येकावर बारीक आकडा. वरून गाड्या धावत होत्या आणि खाली ही सगळी घरं तशीच उभी होती. चष्मेवालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. काकांनीही चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

माहितीपुस्तकातला आजोबांच्या घराचा आकडा तिच्याजवळ होता. तो सापडला. घराच्या मागच्या अंगणात एक छोटासा गोल काढलेला होता.

"हे काय?"

"विहीर," बाई म्हणाल्या. "आणि विहीर असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे. पालिकेनं एकदा मागच्या अंगणांची पाहणी केली होती, विहिरी नि गटारं बघायला. प्रत्येक घराचा मागून फोटो काढलाय. अल्बम वरच्या कपाटात आहे."

अल्बम आला. पानापानावर भिंती, मोऱ्या, दोऱ्या, बादल्या. प्रत्येक फोटोच्या कडेला घराचा आकडा लिहिलेली पाटी धरून एक माणूस उभा, कंटाळलेला. पानं उलटता उलटता आजोबांच्या घराचा आकडा आला.

उघडं दार. दाराबाहेर दगडी पायरी. उजवीकडे विहिरीचा कठडा अर्धाच आलेला. आणि पायरीवर फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची एक मुलगी, काठीसारखी ताठ. श्वास रोखून ओठ घट्ट मिटलेले. ते ओठ चष्मेवालीनं त्याच सकाळी बघितले होते, आई औषध नको म्हणत होती तेव्हा.

"आई," ती म्हणाली.

मुलीचा एक हात खाली, तिरका, मूठ आवळलेली. त्या मुठीच्या पुढे, पायरीवर, पांढुरका डाग होता. काचेवर कुणी श्वास सोडावा तसा. चष्मेवालीनं सवयीनं पर्समधून मऊ फडकं काढलं आणि फोटोवरचं पारदर्शक आवरण पुसलं. डाग गेला नाही. तिनं परत पुसलं.

"तो डाग नाही," बाई हळूच म्हणाल्या. "कुणीतरी हललंय. त्या वेळचे कॅमेरे सावकाश. फोटोवाल्यानं थांबा म्हटलं की गपचीप थांबायचं. जो थांबला तो उमटला. जो हलला त्याचं असं होतं. या अल्बममध्ये खूप आहेत. कोंबड्या, कुत्री. लहान मुलं."

फोटोखाली पाहणी करणाऱ्याच्या अक्षरात चार तुटक नोंदी खरडल्या होत्या. दार ठीक. पायरी ठीक. विहिरीस झाकण नाही. एक मुलगी.

"एक," चष्मेवाली म्हणाली.

"त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं लिहिलं."

तिनं दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं. डागाला खांदे होते. डोकं एका बाजूला कललेलं, हसताना कलतं तसं. चेहऱ्याच्या जागी नुसतं पांढरं. काकांनीही वाकून बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना आपला दूधवाला पूर्वज आठवला नाही.

अल्बम बाहेर न्यायची सोय नव्हती. संदर्भ विभागातून काहीच बाहेर जात नाही, म्हणून तर ते टिकतं. बाईंनी फोटोची झेरॉक्स काढून दिली. घाईघाईत त्या कागदाची घडी घालून चष्मेवाली घरी निघाली. रस्त्यात तिला वाटत होतं की कुणीतरी आपल्या पदराशी चालतंय. खरं तर तिनं पदर घेतलाच नव्हता, ती पँट-शर्टमध्ये होती. पण वाटलं ते वाटलं.

घरी येऊन घडी उलगडली तर तिनं कपाळावर हात मारला. मशीन म्हातारं, काळं होतं ते आणखी काळं केलेलं आणि फिकं होतं ते पार खाऊन टाकलेलं. डाग गेला होता. पायरीवर आई एकटीच उभी, आणि तिची आवळलेली मूठ कोऱ्या कागदाकडे गेलेली. जिच्यासाठी एवढी यातायात केली तीच नेमकी गायब.

तरी तिनं कागद आईपुढे धरला. शोधण्यात दिवस कलला होता, तरी उन्हं अजून खिडकीत होती, आणि त्या दिवशी उशिरापर्यंत थांबलेली शेजारीण नुकतीच गेली होती.

"आई, बघ बरं, ओळखतेस का."

आईनं चष्मा चढवला. लेकीनंच बनवून दिलेला, चांगला जाड. बराच वेळ बघत राहिली. मग तिचं बोट कागदावर फिरलं. भिंतीवरून, दारावरून, स्वतःच्या लहान चेहऱ्यावर न थांबता पुढे गेलं, आणि पायरीच्या त्या कोऱ्या जागेवर नेमकं टेकलं.

"हलली बघ," आई म्हणाली. "शंभरदा सांगितलं होतं, हलू नकोस. हललीच शेवटी."

चष्मेवाली कॉटच्या कडेवर बसली.

"आई, तिथे कुणी नाहीये."

"तुला दिसत नाही? मग दुकानात बसून करतेस काय?" आई म्हणाली. बोट तसंच. "ही काय धाकटी."

आईचं बोट कागदावर होतं आणि आता ते हळूहळू त्या जागेवरून फिरायला लागलं होतं, लहान मुलाच्या कपाळावरचे केस मागे सारावेत तसं.

"फोटोवाला आला म्हणून बाबा इतके खूश," आई म्हणाली. "त्यांना वाटलं आपला फोटो निघतोय. तो आला होता विहीर बघायला. आम्हाला दोघींना पायरीवर उभं केलं. मला म्हणाले, हिला घट्ट धर. मी धरलं होतं गं. तो काळ्या फडक्यात शिरला तर हिला हसू आलं. फोटोवाला चिडला. बाबांनी मला मारलं, सगळ्यांदेखत. तुला एक पोर सांभाळता येत नाही? हिला नाही मारलं. मला मारलं. आणि ही तेव्हाही हसली."

"मग?"

"संध्याकाळी घरात कुणी नव्हतं. मी तिला पायरीवर बसवलं. म्हटलं, बस. आता हलून दाखव. मी उठ म्हणेपर्यंत हलायचं नाही. आणि आत आले, कडी लावली."

बाहेर ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं.

"थापा मारत होती. ताई उघड, ताई उघड. मी म्हटलं, मारू दे. मग थापा थांबल्या." आईनं चष्मा काढला. "मला वाटलं, बसली शहाण्यासारखी. बरं वाटलं मला. काय सांगू तुला, इतकं बरं वाटलं."

विहिरीचं नाव आईनं घेतलं नाही. लेकीनंही विचारलं नाही. नकाशावरचा तो बोटाच्या पेराएवढा गोल, खालून उजेड आलेला, तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आणि कानात आईच्या थापा होत्या, गेल्या कित्येक संध्याकाळच्या. ती स्वतः स्वयंपाकघरात उभी राहून त्या थांबायची वाट बघायची. थांबल्या की तिलाही बरं वाटायचं. हे आठवलं आणि तिला रडू कोसळलं.

"कडीचं कुणाला कळलं नाही," आई म्हणाली. "मी सांगितलं, गेली आपली आपण बाहेर. सगळे मलाच कुशीत घेऊन रडले. मग ती गल्ली सोडली. आईनं बजावलं, कुणी विचारलं तर सांगायचं, आम्हाला एकच. तिचं नाव घ्यायचीही चोरी. आई गेली, बाबा गेले. आता कुणाला सांगू? तुला सांगितलं."

"तू लहान होतीस गं."

"तीही." आईनं लेकीचा हात झिडकारला नाही, पण धरलाही नाही. "मी पुढे कधी कुठल्या दाराला कडी ठेवली नाही. वाटायचं, येईल. पण ती येते कशी? मी तिला सांगितलंय ना, मी उठ म्हणेपर्यंत हलायचं नाही. एकदाच ऐकलं माझं. बसलीय."

खिडकीतलं ऊन गेलं. खोलीत तो राखी उजेड आला, ज्यात दिवा लावावासाही वाटत नाही आणि न लावून चालतही नाही. आई रोजच्यासारखी उठून बसली. पण आज तिनं काही विचारलं नाही. नुसतं लेकीकडे बघितलं.

चष्मेवाली उठली, मागच्या दाराशी गेली आणि टाचा उंचावून कडी काढली. दार उघडलं. बाहेर अंगणात उलटी घातलेली बादली, दोरीवर वाळत घातलेले दोन टॉवेल, कुंपणाची भिंत. पायरी रिकामी.

"ये गं," तिनं हाक मारली. रिकाम्या पायरीला हाक मारताना कुणालाही वेडगळ वाटेल, तिलाही वाटलं. तरी ती परत म्हणाली, "आत ये. तुझ्या ताईनं बोलावलंय."

"तुझं नाही ऐकायची ती," मागून आई म्हणाली. "बाजूला सर. मला येऊ दे."

आई भिंत धरत आली. लेकीनं दंडाला आधार दिला. उंबऱ्याशी येऊन आई थांबली आणि खाली, पायरीच्या डाव्या अंगाला बघू लागली. एवढ्याशा अंतरावरचं माणूस बघताना नजर जशी खाली जाते, तशी.

"ऊठ," आई म्हणाली. "झाला फोटो. हल आता."

काही झालं नाही. पलीकडच्या घरात कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. आई वाट बघत राहिली. लेकीला वाटलं, आता ही कोसळणार. तिनं आधाराचा हात घट्ट केला.

"रागावले नाही मी," आई अगदी बारीक आवाजात म्हणाली. "तू रागावलीस का?"

मग आईनं पायघोळ गाऊन एका हातानं आवरून घेतला आणि ती दारात जराशी अंग चोरून उभी राहिली. एखादं मूल अंगाला घासून आत पळतं, त्याला वाट द्यावी तशी. चष्मेवालीच्या गुडघ्यापाशी गार वारं लागलं आणि गेलं. झुळूक म्हणावी, तर दोरीवरचे टॉवेल जागच्या जागी होते.

आई वळली. तिची नजर आता घराच्या आत होती, खोलीच्या दाराकडे. ती कुणाच्या तरी मागोमाग निघाल्यासारखी चालायला लागली आणि दोन पावलांनी थांबली.

"कडी लाव," ती म्हणाली.

"लावू?"

"लाव की. तिन्हीसांजेला दार काय उघडं टाकतेस? पोरगी पुन्हा बाहेर जायची."

चष्मेवालीनं दार लोटलं. हात वर केला आणि कडीवर ठेवला. लावायची हिंमत होईना. आयुष्यात पहिल्यांदा आईनं तिला कडी लाव म्हणून सांगितलं होतं, आणि आता आपण कुणाला आत घेतोय याची तिला भीती वाटत होती, खरीखुरी. मग तिनं डोळे मिटले आणि कडी सरकवली. दारावर थाप पडली नाही. ना बाहेरून, ना आतून.

ती तशीच दाराला पाठ लावून उभी राहिली. आतल्या खोलीत कॉट कुरकुरली. आई आडवी झाली असावी. पांघरूण झटकल्याचा आवाज आला. कॉट पुन्हा एकदा कुरकुरली, अगदी हलकेच, वजन नसल्यासारखी. आणि मग आईचा आवाज आला, दटावणीचा आणि तरी हसू न आवरणारा, लेकीनं तो कधी ऐकलेला नव्हता.

"सरक जरा भिंतीकडे. आणि किती गं हलतेस!"